चढ एक

६ मार्च २००९, शुक्रवार

सकाळच्या बसने आम्ही मरडीपुराला, माझ्या नवऱ्याच्या गावी, गेलो. आज हालु-तुप्प, तिसऱ्या दिवसाचं दूध-तूप होतं. शेताच्या कडेला, सासऱ्यांच्या शेजारी ह्यांना मातीत ठेवलं आहे. ओल्या मातीवर आधी दूध ओतलं, मग तूप. अक्काने, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीने, केळीच्या पानावर नाचणीच्या उकडीचा गोळा, म्हणजे मुद्दे, पावट्याची आमटी आणि स्टीलच्या पेल्यात कॉफी ठेवली. कावळा लगेच आला. अक्का म्हणाली, "बघ, माझ्या भावाची कसली म्हणून इच्छा उरली नव्हती." 

ऐताळ सर आले होते. बांधावर बूट हातात धरून उभे होते. त्यांनी मला नमस्कार केला. मी केला नाही.

दुपारी परतलो.

८ मार्च, रविवार

अक्का झोपली आहे. मला लिहायची सवय नाही. उपग्रह नियंत्रण केंद्रातल्या मापन विभागात मी उपकरणं तपासते, लिहायचं ते आकडे. पण हे कुणाशी बोलण्यासारखं नाही, म्हणून क्रमाने लिहून ठेवते.

मंगळवारी आमचा उपग्रह कलंडला. केंद्रात सगळे त्याला पोरगी म्हणतात. ती स्वतःभोवती गरगरत होती, तोंड आमच्याकडे राहत नव्हतं. आज्ञा पाठवायच्या टेबलावर हे होते. पोरगी आमच्या डोक्यावरून जाते तेवढ्या वेळात, एका फेरीत, तिला सावरायच्या आज्ञा पोचवायच्या होत्या. ह्यात आधी नुसती लहर पाठवायची असते. तिच्या रिसीव्हरने लहर धरली की मग त्याच लहरीवर आज्ञा चढवायची. तिने लहर धरली. ह्यांनी आज्ञा चढवली. तिने लहर सोडली. पुन्हा धरली, पुन्हा सोडली. फेरी संपली.

ऐताळ सर केंद्राचे प्रमुख. ते सगळ्यांसमोर ओरडले, "एवढी कसली घाई होती, सिद्देगौड? नीट धरू तरी द्यायचं होतं तिला!" हे मला नागवेणीने सांगितलं. ती ह्यांच्याच टेबलावर काम करते, मला अक्का म्हणते. ह्यांनी घरी येऊन एवढंच सांगितलं, "पोरगी ऐकेना." जेवले नाहीत.

बुधवारी सकाळी टाकी भरायची होती. आमच्याकडे हे दोन माणसांचं काम आहे. मोटरचं बटण खाली न्हाणीघराजवळ आणि टाकी गच्चीवर. हे वर जाऊन उभे राहायचे, टाकी भरली की "पुरे!" म्हणून ओरडायचे, मी खाली बटण बंद करायची. त्या दिवशी "पुरे" आलं नाही. पाणी शेजारच्या रेवण्णांच्या भिंतीवर धो धो कोसळायला लागलं. मी ओरडले, "वर काय झोपलात का?" मग बटण बंद करून वर गेले.

डॉक्टर म्हणतात हृदय. मी म्हणते ऐताळ.

१४ मार्च, शनिवार

अकराव्या दिवसाची तिथी झाली. मरडीपुराहून सगळे आले. अंगणात मांडव, मटण, मुद्दे, भात. ह्यांचा एक चुलतभाऊ नळी चोखता चोखता म्हणाला, "तो उपग्रह ह्याच्याच हातून बिघडला म्हणे?" मी त्याच्या पानात भात वाढला, हात आखडता न घेता. त्याला नको नको म्हणायला लावलं. तेवढंच करता आलं.

नागवेणी मागच्या दारी हात धुवायला आली तेव्हा मी तिला थांबवलं.

"अहवालाचं काय झालं?"

"लिहितायत ऐताळ सर. कारण निश्चित सांगता येत नाही, असं लिहिणार."

"म्हणजे ह्यांचं नाव नाही ना त्यात?"

"नाव नाही, अक्का. पण सांगता येत नाही म्हटलं की ज्याला जे सांगायचं ते सांगायला मोकळा. कॅन्टीनमध्ये चटणी वाढणारासुद्धा म्हणतो, सिद्देगौडरांनी घाई केली."

तिला वाटलं मी रडेन. तिने पदर पुढे केला होता. मला रडू येत नव्हतं. मला कुणाला तरी ढकलून द्यावंसं वाटत होतं.

१६ मार्च, सोमवार

कामावर गेले. अक्का दाराशी आडवी उभी राहिली. "अजून दुखवट्याचे दिवस भरले नाहीत आणि बाई नोकरीला निघाली. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणायचं ते आधीच म्हणतायत."

"तोंड चालायला लागलं तुझं. माझा भाऊ होता तोवर मुकी होतीस."

खरं आहे ते. मी डबा उचलून निघाले.

ऐताळ सरांनी खोलीत बोलावलं. कॉफी मागवली. माझ्यापुढची कॉफी तशीच ठेवली, तिच्यावर साय धरली.

"वनजाक्षी, इतक्यात कशाला आलात? महिनाभराची सुट्टी मी मंजूर करतो."

"घरी बसून काय करू सर?"

"विश्रांती घ्या."

"ह्यांनी घाई केली का?"

त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "मी त्या दिवशी जे बोललो ते बोलायला नको होतं."

"ते मी विचारलं नाही. घाई केली का?"

"माहीत नाही."

"मग अहवालात तसं लिहा. घाई केली नाही असं लिहा."

"जे मला माहीत नाही ते कसं लिहू?"

ओरडताना माहीत होतं. लिहिताना माहीत नाही. असल्या माणसाच्या हाताखाली ह्यांनी आयुष्य काढलं.

१७ मार्च, मंगळवार

ह्यांचे शर्ट अक्काला गावी द्यायचे आहेत. निळ्या शर्टाच्या खिशाला शाईचा डाग आहे. हा जानेवारीतला. तेव्हा आज्ञा चढवायची जुनी पेटी काढून नवी बसवत होते. ती बनवणाऱ्या कंपनीची माणसं दोन दिवस राहून परत गेली, मग उरलेलं सगळं ह्यांनीच मार्गी लावलं. आठवडाभर उशिरा येत. पण खुशीत असत. एक दिवस हासनहून चिरोटी घेऊन आले.

आमच्याकडे लहरीवर आज्ञा किती जोराने चढवायची त्याला चढ म्हणतात. शक्ती मुळात तेवढीच असते. चढ वाढवला की आज्ञेला जास्त मिळते आणि नुसत्या लहरीला कमी उरते. आमचा नियम चढ एक. टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाला झोपेतसुद्धा माहीत असतं, चढ एक. हे चिरोटी खाता खाता म्हणाले, "पेटी नवी, पण आकडे सगळे जुनेच ठेवलेत. एक तो एकच. आकडे बदलले की माणसं चुकतात."

हा माणूस घाई करेल? दुसऱ्याची चूक होऊ नये म्हणून जो रात्री उशिरा घरी येतो, तो? ऐताळांना हे शर्ट नेऊन दाखवावेत.

१९ मार्च, गुरुवार

जेवायच्या सुट्टीत नागवेणीबरोबर बसले. रोज फेऱ्या चालल्या आहेत, पोरगी रोज थोडी थोडी थंड होते आहे. गरगरण्यामुळे तिच्या अंगावर पुरेसं ऊन पडत नाही, बॅटरी उतरते आहे.

"आज काय झालं?"

"तेच. लहर धरते. अगदी शहाण्यासारखी धरते. मी दोन मिनिटं थांबले, तीन मिनिटं थांबले. बोलायला गेलं की सोडते. माझ्या सासूसारखं आहे हे, अक्का. येऊन बसलं की प्रेमाने बघते, तोंड उघडलं की उठून जाते."

मी हसले. किती दिवसांनी हसले ते तिला दिसलं आणि ती ओशाळली.

मग मला कळलं ती काय म्हणाली ते. "तू तीन मिनिटं थांबलीस?"

"हो."

"आणि तरी सोडली?"

"बोलले तेव्हा सोडली."

म्हणजे घाईचा प्रश्नच नाही. थांबलं तरी सोडते. हे तिच्याही लक्षात आलं नव्हतं, कुणाच्याच आलं नव्हतं. सगळे फेरीवर फेरी करतायत आणि कॅन्टीनमध्ये माझ्या नवऱ्याच्या नावाने बोलतायत. मी डबा बंद केला. 

२० मार्च, शुक्रवार

जुनी पेटी भांडारातून मागवली. भांडारवाला म्हणाला, "भंगारात जाणार आहे मॅडम, कशाला?" मी म्हटलं, "जाण्याआधी एकदा बोलू दे तिला." ती आणि नवी पेटी शेजारी शेजारी लावल्या. लहर अँटेनाकडे न सोडता माझ्या उपकरणात घेतली. शक्ती कुठे किती वाटली गेली ते त्याच्या पडद्यावर दिसतं. मधली उंच रेघ म्हणजे लहर, बाजूच्या रेघा म्हणजे आज्ञा. दोन्ही पेट्यांवर चढ एक.

नव्या पेटीची मधली रेघ बुटकी होती. लहरीकडे उरणारी शक्ती जुनीच्या मानाने जवळजवळ निम्मी.

मी पुन्हा केलं. केबल बदलून पुन्हा केलं. तेच.

कारण साधं आहे. घरातली वीज आपण दोनशे तीस म्हणतो, ती एका प्रकारच्या सरासरीने. टोकाला ती सव्वातीनशेपर्यंत जाते. दोन्ही आकडे खरे, पण मोजायची रीत वेगळी. जुनी पेटी चढ टोकापर्यंत मोजायची. नवी सरासरीने मोजते. नवीवर एक लावलं की टोकाला तो जवळजवळ दीड होतो. पोरगी सरळ होती तोवर शक्ती भरपूर पोचत होती, फरक जाणवला नाही. ती कलंडल्यावर आधीच क्षीण ऐकू येत होतं. नुसती लहर होती तोवर धरायची. आज्ञा चढवली की लहर जुन्या पेटीच्या निम्मीच उरायची आणि तिच्या हातून सुटायची.

ह्यांनी घाई केली नाही. ह्यांच्या हातात जे दिलं होतं तेच सदोष होतं.

कंपनीच्या माणसांनी सांगायला हवं होतं. ऐताळांनी बघायला हवं होतं. प्रमुख कशाला म्हणायचं मग त्यांना? सही करायला?

२१ मार्च, शनिवार

सुट्टी असूनही ऐताळ सर केंद्रात होते. त्यांना पडद्यापुढे उभं केलं. दोन्ही पेट्या दाखवल्या. त्यांनी दोन्ही रेघांची उंची बोटांनी मोजली. मग खुर्ची ओढून बसले.

"शाबास," म्हणाले. अगदी हळू.

"शाबासकी नको. अहवालात लिहा."

"बेंगळूरची परवानगी घेऊन सोमवारच्या पहिल्या फेरीला चढ सात दशांश करू, म्हणजे टोकाला एक होईल. पोरगी वाचली तर वाचली. अहवाल आहे तसा राहू दे."

"का?"

त्यांनी उपकरणाचा पडदा बंद केला.

"का सर? तुमचं नाव येईल म्हणून?"

"वनजाक्षी, नवी पेटी लावली तेव्हा कोण कोण होतं, जरा आठवून बघा."

"कंपनीची माणसं होती. आणि तुमची मंजुरी होती."

"हो," ते म्हणाले. "माझी मंजुरी होती."

"मग मी सोमवारी सगळ्यांसमोर सांगणार. तुम्ही ह्यांना सगळ्यांसमोरच बोलला होतात."

त्यांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

कोण कोण होतं आठवा म्हणे. मला धमकी देतात. ह्यांच्या मित्रांना, टेबलावरच्या पोरांना गोवीन असं सुचवायचं असेल. भित्रा माणूस. घरी आले ती रागातच. कुलपाला किल्ली लागेना.

२३ मार्च, सोमवार

पोरगी परत आली.

टेबलावर नागवेणी होती, मी तिच्या खुर्चीमागे उभी होते. लहर गेली. पोरगीने धरली. नागवेणीने सात दशांश लावलं आणि मला विचारलं, "अक्का, बोलू?" मी म्हटलं, "बोल." तिने आज्ञा चढवली. लहर सुटली नाही. दुसरी आज्ञा, तिसरी. सुटली नाही. फेरीच्या शेवटी शेवटी तिचं गरगरणं कमी झाल्याचे आकडे आले. सगळे टाळ्या वाजवायला लागले. कुणीतरी मागून ओरडलं, "सिद्देगौडरांचा विजय असो!" मी वळून बघितलं. कॅन्टीनमध्ये ह्यांच्या नावाने बोलणाऱ्यांतलाच एक. एक थोबाडीत द्यावी असं वाटलं.

दुपारी बैठक झाली. बेंगळूरच्या मुख्य कार्यालयातून दोघं आली होती. मी उभी राहून सांगितलं. मला लोकांसमोर बोलता येत नाही, पण आकडे सांगता येतात. दोनशे तीस आणि सव्वातीनशे सांगितल्यावर सगळ्यांना कळलं. बेंगळूरच्या बाईंनी विचारलं, "मोजायची रीत बदलली आणि आकडा तोच राहिला. हा निर्णय कुणाचा?"

 नागवेणीने माझ्याकडे बघितलं, मग फरशीकडे.

मी म्हटलं, "ज्याने केला त्याने सांगावं."

ऐताळ सर उठले. "माझा. आकडे बदलू नका, लोकांचा गोंधळ होईल, असं मीच सांगितलं होतं. सही माझी आहे."

बाईंनी लिहून घेतलं.

शेवटी ऐताळ बोलले. बोलायला भाग पाडलं म्हणून बोलले. मला वाटत होतं की ह्या क्षणी बरं वाटेल, आणि बरं वाटलं. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

बाहेर पडताना नागवेणीला म्हटलं, "ऐकलंस ना? स्वतःच्या तोंडाने कबूल केलं."

ती म्हणाली, "अक्का, आता पुरे करा."

"काय पुरे करू?"

ती बसला उशीर होतो म्हणाली आणि गेली. बसला अजून वेळ होता. तीसुद्धा त्यांच्याच बाजूची निघाली. उद्या तिच्याशी बोलणार नाही.

२७ मार्च, शुक्रवार

उगादी, म्हणजे पाडवा. आमच्याकडे ह्या वर्षी सण नाही. अक्का मरडीपुराला गेली. रेवण्णांच्या बायकोने झाकून होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, आणून दिल्या. पोळ्या गरम होत्या. जाताना म्हणाली, "अम्मा, टाकी भरत नाही का हल्ली? आमची भिंत कोरडी आहे." चांगल्या मनाने म्हणाली की टोमणा मारला, कळलं नाही. मी दार लावून घेतलं. खरं तर टाकी मी भरतच नाही. नळाला पाणी येतं तेव्हा बादल्या भरून ठेवते.

दहा वाजता ऐताळ सर आले. त्यांना प्रमुखपदावरून काढलं आहे. बेंगळूरला कागदांच्या कामावर जाणार. दारातच विचारलं, "येऊ?" मी बाजूला झाले. कॉफी विचारली नाही. पाणी दिलं. त्यांनी ते सगळं पिऊन भांडं खाली ठेवलं.

"सिद्देगौड फार नीटनेटका माणूस होता," म्हणाले. "दुसऱ्यांची काळजी करायचा."

"तुम्ही त्यांना सगळ्यांसमोर बोललात."

"हो. ते सगळ्यांसमोर झालं होतं. म्हणून हेही सगळ्यांसमोर केलं."

ह्याचा अर्थ मला लागला नाही. मी विचारलं, "आकडे बदलू नका असं तुम्ही सांगितलं होतं ना. कुणाला सांगितलं होतं?"

ते उठून दाराशी गेले आणि बूट घालायला लागले. नाडी बांधायला वेळ लागला.

"आठवत नाही आता."

"तुम्हाला सगळं आठवतं सर. मागच्या फेऱ्यांचे आकडे तुम्हाला पाठ असतात."

"वनजाक्षी, सण आहे. काहीतरी गोड खा," म्हणाले आणि गेले. फाटक त्यांनी हळू लावलं. ह्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट हळू केली असेल.

मला राग आला. का आला ते कळेना. तो ऐताळांचा नव्हता. पोळ्या तशाच ठेवल्या आणि घर झाडलं, झाडलेलं पुन्हा झाडलं. निळा शर्ट अक्काला द्यायचा राहून गेला होता, तो हाताला लागला.

जानेवारीत पेटी आली तेव्हा मी ह्यांना म्हटलं होतं, दोन दिवस माझ्याकडे पाठवा, मापून देते. हे चिरोटीचा तुकडा मोडता मोडता हसले होते. "एक म्हणजे एक. त्यात तू काय मापणार?" आकडे जुनेच ठेवायला ह्यांना कुणी सांगावं लागलं नव्हतं.

एवढं वर लिहिलं आणि पेन ठेवून दिलं होतं. नंतर टाकी भरायला घेतली. मोटर चालू केली आणि वर गेले. टाकीचं झाकण काढून उभी राहिले. पाणी काठाशी आलं तेव्हा "पुरे!" म्हटलं, मोठ्याने. मग जिना उतरून खाली आले आणि बटण बंद केलं. तोवर थोडं पाणी वाहून गेलं.